डॅटसन झेड घ्यायची आहे: अमेरिकेतली २४०, जपानहून आणलेली फेअरलेडी की २८०?

मुक्ता_फ्रीमॉन्ट
नमस्कार मंडळी. डॅटसन झेड, म्हणजे निस्सानची सत्तरच्या दशकातली स्पोर्ट्स कार, घ्यायचं फार वर्षं मनात होतं. आता गॅरेजमध्ये जागा झाली आहे आणि घरच्यांचीही तयारी आहे. तीन गाड्या हेरून ठेवल्यात.

पहिली १९७२ ची २४०झेड. सुरुवातीपासून कॅलिफोर्नियातच राहिलेली, चार गिअरची. रंग पार उडालाय, पण सगळं मूळचं आहे. दुसरी १९७४ ची फेअरलेडी झेड (झेडचंच जपानमधलं नाव), जपानहून आलेली. उजव्या हाताचं स्टिअरिंग, दोन लिटरचं इंजिन, पाच गिअर, नुकताच रंग दिलेला. फोटोत डोळ्यात भरते. तिसरी १९७७ ची २८०झेड, कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली आणि तिघींत स्वस्त.

रोज ऑफिसला न्यायची नाही. शनिवार-रविवारी डोंगरातल्या रस्त्यांवर चालवायची आणि हळूहळू स्वतःच्या हातानं काम शिकायचं, एवढंच. फेअरलेडीवर जीव जडलाय हे आधीच सांगते. ज्यांनी यातली कुठलीही बाळगली आहे त्यांनी स्पष्ट सांगा.

जुना_पाना, सॅन डिएगो
मुक्ताताई, माझ्याकडे २८० आहे आणि आधी २४० होती, म्हणून दोन्हींबद्दल बोलू शकतो.

सगळ्यात आधी स्मॉगचं, म्हणजे धुराच्या चाचणीचं बघा. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी माफ आहे. १९७६ पासूनच्या गाड्यांना दर दोन वर्षांनी द्यावी लागते, आणि ही मर्यादा वर्षागणिक पुढे सरकत नाही. म्हणजे तुमची ७२ आणि ७४ सुटतात, ७७ अडकते. त्या २८० वरचं प्रदूषणाचं मूळ सामान कुणी काढून फेकलं असेल तर धूर कितीही स्वच्छ असो, डोळ्यांनी केलेल्या तपासणीतच ती नापास होते. चाचणीचा दाखला देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. दाखला हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

नाहीतर २८० ही चालवायला फार गुणी गाडी. बॉशचं एल-जेट्रॉनिक इंजेक्शन, २७५३ सीसी, गार सकाळीही एका चावीत सुरू. लोक इंजेक्शनच्या कॉम्प्युटरला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोष असतो तो उष्णतेनं ठिसूळ झालेल्या वायरिंगच्या जोडण्यांत. सुट्टीच्या दिवशी बसून एकेक जोडणी बदलली की गाडी शांत होते. मात्र अमेरिकन नियमांमुळे आलेले जाड बंपर आणि बाकी वजन धरून ती २४० पेक्षा दोनशे किलोंहून जास्त जड आहे, आणि वळणावर ते जाणवतं. १९७५ ची २८० मिळाली तर इंजेक्शनही आणि स्मॉगची सुटकाही. तशी शोधून बघा.

तुमची २४० बहात्तरची आहे हे मला आवडलं. १९७३ ला हिताचीचे सपाट डोक्याचे कार्ब्युरेटर आले आणि उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ धरून गाडी बंद पडायची तक्रार सुरू झाली. पुष्कळांनी ते काढून जुने गोल डोक्याचे बसवले. बहात्तरवर ते गोल डोक्याचेच असायला हवेत.

योकोहामाकर
इथे जपानमध्ये माझ्याकडे दोन लिटरची फेअरलेडी आहे, म्हणून दुसऱ्या गाडीबद्दल लिहितो.

निस्साननं १९६९ मध्ये ही गाडी काढली तेव्हा अमेरिकेला २.४ लिटरचं इंजिन दिलं आणि घरच्या बाजारात दोन लिटरचं, कारण इथे दोन लिटरच्या वर गेलं की गाडी वरच्या करगटात जायची आणि कर भरमसाट वाढायचा. म्हणून अमेरिकेत १५१ हॉर्सपॉवर आणि इथे १३०. आकडा ऐकून नाराज होऊ नका. इथल्या गाडीला मागच्या चाकांचा गिअर रेशो छोटा (जोर जास्त देणारा) असतो, पुष्कळांना पाच गिअर असतात आणि इंजिन अतिशय मऊ फिरतं. हाकोनेच्या घाटात मला तरी कधी कमी पडलेलं नाही. पण तुमच्याकडच्या फ्रीवेवर चढाला २.४ चा जोर जास्त उपयोगी पडेल हे खरं.

आता मुद्द्याचं. ‘नुकताच रंग दिलेला’ हे वाचून मला काळजी वाटली. ती गाडी इथल्या लिलावातून गेली असेल तर तिचा लिलावाचा कागद मागा. त्यावर गाडीचं रेखाचित्र असतं आणि त्यावर खुणा: एस म्हणजे गंज, सी म्हणजे खाल्लेला पत्रा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनं आलेल्या लाटा. दर्जाच्या रकान्यात आर असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली. एवढ्या जुन्या गाडीत वरच्या दर्जाच्या आकड्यापेक्षा या बारीक खुणांना किंमत द्या. जपानच्या पश्चिम किनाऱ्याला प्रचंड बर्फ पडतं आणि रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे ‘जपानची गाडी म्हणजे निगुतीनं ठेवलेली’ असं धरून चालू नका. रंगाआधीचे खालच्या बाजूचे फोटो नसतील तर मी असतो तर सोडून दिली असती.

चासी नंबरही वाचा. दोन लिटरची जपानी गाडी नुसत्या एस३० नं सुरू होते. अमेरिकेची २४० असेल तर एचएलएस३०, त्यातला एल म्हणजे डाव्या हाताचं स्टिअरिंग. ब्रिटन-ऑस्ट्रेलियाकडे गेलेली उजव्या हाताची २४० एचएस३०. आणि पीएस३० म्हणजे फेअरलेडी झेड ४३२, निस्सानच्याच स्कायलाइन जीटी-आर या शर्यतीच्या गाडीचं एस२० इंजिन असलेली. त्या चारशेच्या आसपासच बनल्या. कुणी ४३२ म्हणून साधी एस३० विकायला बघत असेल तर नंबरच खरं सांगतो.

लेस्टरकर
योकोहामाकरांना अनुमोदन. माझी ब्रिटनमध्येच नवी विकली गेलेली २६०झेड (२४० नंतरची) आहे. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर नाही आणि वार्षिक तपासणीही माफ आहे, पण हिवाळ्यातल्या मिठानं जे खाल्लंय त्याला माफी नाही. मी यंत्रापेक्षा कितीतरी जास्त पैसे वेल्डिंगवर घातले.

मुक्ताताई, तुम्ही देशादेशांतले जे फरक मोजताय ते बहुतेक सगळे पान्यानं बसवता येतात. पाच गिअरचा बॉक्स हवा? १९७७ पासून २८० ला तो मिळायचा, तो २४० मध्ये बसतो. छोटा रेशो हवा तर मागचा डिफरन्शिअल बदला. मडगार्डवरचे आरसे आवडतात तर तेही लावा. २४० च्या एल२४ च्या जागी २८० चं एल२८ इंजिन तर कित्येकांनी बसवलंय, एकाच घराण्यातली आहेत ती. पण गाडीचा भार पेलणारा खालचा लांबट पोकळ पत्र्याचा बॉक्स एकदा कुजला की सगळी गाडी कापून जोडावी लागते. म्हणून पत्रा घ्या, बाकी मागून होतं.

उजव्या हाताच्या गाडीला अमेरिकेत एक कायमची अडचण आहे. इंजिन, ब्रेक, दरवाजे, काचा सगळं मिळेल, कारण झेडचा मोठा हिस्सा अमेरिकेतच विकला गेला. डॅशबोर्ड, वायपरची यंत्रणा, स्टिअरिंगचा रॅक मात्र उलट्या बाजूचा, तो दरवेळी जपानहून किंवा आमच्याकडून मागवावा लागेल.

आणि एक आवर्जून सांगतो. १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली शेखर मेहतांनी २४०झेडमधूनच जिंकली. आपल्या उपखंडातल्या घराण्यातला, युगांडात जन्मलेला माणूस त्या चिखलधुळीतून हीच गाडी पहिली आणतो, याचा मला फार अभिमान वाटतो. गाडी दिसायला नाजूक असली तरी मुळात दणकट आहे.

मुक्ता_फ्रीमॉन्ट
सगळ्यांचे मनापासून आभार. फेअरलेडीच्या विक्रेत्याकडे लिलावाचा कागद आणि रंगाआधीचे फोटो मागितले, दोन्ही नाहीत म्हणाला. वाईट वाटलं, पण ती सोडते. शनिवारी बहात्तरची बघायला जातेय. नेमकं कुठे बघू?

जुना_पाना, सॅन डिएगो
छान निर्णय. सोबत टॉर्च, लोहचुंबक आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर न्या. चुंबकाला पातळ कापड गुंडाळा, ओरखडा नको.

बोनेट उघडलंत की पहिली नजर बॅटरीखालच्या ट्रेवर. आम्लानं तो खातो आणि गंज खाली फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यापर्यंत) उतरतो. मग वायपरखालची जाळी: तिथून पाणी निचरत नसेल तर पाय ठेवायची जागा कुजलेली असणार, गालिचा उचलून दाबून बघा. दरवाज्यामागचा, मागच्या चाकापुढचा त्रिकोणी पत्रा चुंबक धरतो का? नाही धरला तर आत पुट्टी आहे. मागचं दार उघडून खालची कड आणि स्टेपनीची खोबण बघा.

हे वरचं थोडं गेलेलं असेल तर घाबरू नका, हे सगळे पत्रे नवे मिळतात. खरं बघायचंय ते खाली. विक्रेत्याला सांगून गाडी जवळच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून घ्या, लागतील ते पैसे तुम्ही द्या. पुढच्या सस्पेन्शनपासून जमिनीच्या पत्र्याखाली जाणाऱ्या दोन्ही लांबट बॉक्सवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. आवाज खणखणीत हवा. जॅक लावून चेपलेले असतील तर हरकत नाही, भोकं असतील तर किंमत निम्म्यावर आणा किंवा परत या.

विक्रेत्याला आदल्या दिवशीच कळवा की इंजिन गार ठेवा, मी आल्यावरच सुरू करा. आणि चासी नंबर, डॅशवरची पट्टी, इंजिन बे मधली पट्टी या तिन्हींचे फोटो इथे टाका. मी रविवारी सकाळी आहे, फोन नंबर व्यनि करतो. यायला जमलं तर येतो सुद्धा.