रोबोकॉप : रोग सिटी – हा गडी पळत का नाही?

शेवटची_गोळी

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. १९८७ चा रोबोकॉप (अर्धा माणूस, अर्धं यंत्र असलेल्या पोलिसाचा) माझा अतिशय लाडका सिनेमा, त्यामुळे 'रोबोकॉप : रोग सिटी' (Rogue City) हा गेम सवलतीत दिसल्यावर मागचापुढचा विचार न करता घेतला. सिनेमातल्या रोबोकॉपचा, पीटर वेलरचा आवाज ऐकून अंगावर काटा आला, चॅनल ९ वरचा ओलीसांचा पहिला प्रसंगही झकास जमलाय. पण पुढे गाडी अडली आहे.

मी एरवी डूम एटर्नल, टायटनफॉल २ असले पळापळीचे गेम खेळतो. म्हणजे पाय जमिनीला लागतच नाहीत. इथे उडी नाही, खाली बसणं नाही. धावायचं बटण दाबलं की स्वारी जरा भराभर चालते, बस्स. खांबामागे लपून डोकं बाहेर काढावं तर अर्धा खांदा बाहेर राहतो आणि गोळ्या तिथेच बसतात. परत आत यायला वेळ लागतो तो वेगळाच. ग्रेनेडवाला आला की संपलंच.

माझं मशीन चांगलं आहे, चित्र कुठे अडखळत नाही. मग हे असंच असतं का? की सेटिंगमध्ये काही बदलायचं राहिलंय? आणि खरं सांगा, सिनेमावरून काढलेले शूटर (गोळीबाराचे गेम) पैसे देऊन घ्यावेत का?

जुनी_कॅसेट

सेटिंग काहीही बदलू नका. लपायचं सोडा!

तुम्ही ज्याला दोष म्हणताय ना, त्याच्यासाठीच मी हा गेम दुसऱ्यांदा खेळले. सिनेमात तो माणूस कधी आडोशाला गेलेला आठवतोय? अमली पदार्थांच्या कारखान्यात समोरून गोळ्यांचा पाऊस पडत असतो आणि हा सरळ चालत येतो, आधी मान वळवतो, मग धड, मग हात. ती चाल आपोआप आलेली नाही. मोनी याकिम नावाच्या मूकाभिनयाच्या गुरूकडून वेलरने ती शिकून घेतली होती. रॉब बॉटिनने केलेला तो पोशाख प्रत्यक्ष अंगावर चढल्यावर सगळं शिकलेलं जड होऊन बसलं आणि चाल पुन्हा बसवावी लागली. पूर्ण पोशाखात त्याला गाडीतही नीट बसता येत नव्हतं. हा सगळा जडपणा टेयॉन या पोलिश स्टुडिओने गेममध्ये उतरवलाय. पावलांचा आवाज हेडफोन लावून ऐका एकदा.

आता कामाचं. खोलीत शिरलात की सगळ्यांत जवळचा जो कोणी असेल त्याची मानगूट धरा आणि दुसऱ्याच्या अंगावर फेका. माणूस नसेल तर खुर्ची, मॉनिटर, मोटारसायकल, जे हाताला लागेल ते. लांबच्यांसाठी निशाणा धरा, त्यांच्याभोवती हिरवी कड दिसते, डोक्यातच मारा. ग्रेनेडवाले आणि स्नायपर आधी उडवायचे, साधी बंदूकवाली माणसं शेवटी, कारण त्यांच्या गोळ्यांनी तुमचं फार बिघडत नाही. शत्रूंच्या बंदुका उचलता येतात, पण त्यांच्या नादी फारसं लागू नका. रोबोकॉपच्या स्वतःच्या पिस्तुलाच्या, ऑटो-९ च्या गोळ्या संपतच नाहीत.

आणि त्या ऑटो-९ मध्ये बोर्ड बसवायचा असतो, त्यावर चिप्स लावायच्या, ते बहुतेक लोक कंटाळून सोडून देतात. सोडू नका. बोर्डावर काही खाचा फायद्याच्या असतात, काही तोट्याच्या. वीज नेमकी कुठून वळवायची ते कोडंच आहे. नीट जमलं तर पुढेपुढे रिलोडसुद्धा करावं लागत नाही. कौशल्याचे गुण सुरुवातीला चिलखतावर खर्च करा, बाकी सगळं नंतर.

फिरता_पंखा

कॅसेटताई, चालीचं सगळं मान्य, पण गेमला इतकंही डोक्यावर घेऊ नका. ईडी-२०९ या अवाढव्य यंत्रमानवाबरोबरच्या लढाया आठवा. नुसत्या गोळ्या ओतत राहायच्या, तो आपला उभाच. जो नायक बाजूला होऊ शकत नाही त्याच्यापुढे रॉकेट मारणारं यंत्र उभं करणं ही कल्पनाच फसलेली आहे. साध्या गुंडांशी मारामारी असते तेव्हाच हा गेम रंगतो.

आणि शेवटच्या_गोळीराव, 'घ्यावेत का' याचं माझं उत्तर : सिनेमाच्या तारखेला बांधलेला गेम टाळावा. पोस्टर लागलं की गेमचा डबा दुकानात हवाच, मग काम अर्धवट असो नसो. गोल्डनआय हा बाँडचा सिनेमा १९९५ चा, त्यावरचा रेअर स्टुडिओचा गेम आला ऑगस्ट १९९७ मध्ये. ती दोन वर्षं मिळाली म्हणून तो गेम झाला. चौघांनी एकाच पडद्यावर खेळायचा भागसुद्धा त्यात अगदी शेवटी शेवटी घातलाय. रोग सिटी तर २०२३ चा, म्हणजे मूळ सिनेमानंतर ३६ वर्षांनी आला. घाई कुणालाच नव्हती.

जुनी_कॅसेट

ईडी-२०९ चं मान्य. त्या लढायांची बाजू मी घेणार नाही.

पण तारखेचा नियम टिकत नाही हो. रिडिक या सिनेमातल्या गुन्हेगार नायकाचा गेम 'एस्केप फ्रॉम बुचर बे' २००४ च्या जूनमध्ये सिनेमाबरोबरच आला आणि आजही लोक तो शोधून खेळतात. त्याने सिनेमाची गोष्ट पुन्हा सांगितली नाही, आधीची गोष्ट घेतली : तुरुंग, आणि त्यातून सुटका. पहारेकऱ्याची बंदूक उचलायला जावं तर ती त्याच्या डीएनएवर चालते, तुम्हाला झटका बसतो. मग काय, मुठी आणि अंधार. हा माणूस कोण आहे ते त्या एका झटक्यात कळतं. पडद्यावर आकड्यांची गर्दीही नाही.

रोग सिटीनेही तेच केलंय. गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिनेमाच्या मधली आहे (तिसऱ्यात वेलर नव्हताच, त्यामुळे मी त्याला फारसं मोजत नाही). उलट टेयॉनचाच २०१४ चा रॅम्बोचा गेम पाहा. सिनेमातले प्रसंग एकामागून एक, आपण फक्त निशाणा हलवायचा, चालणं गेमच करणार. स्टुडिओ तोच, सिनेमाही तेवढाच जुना, म्हणजे वेळ मिळूनही फसला. मी तरी एवढंच बघते की नायकाच्या अंगात शिरायला मिळतंय, की त्याच्या सिनेमाची सहल घडवतायत.

शेवटची_गोळी

मानगूट धरून फेकायचा सल्ला जबरदस्त! खांब सोडले, सरळ चालत गेलो, अडलेली जागा पार झाली. माणसावर माणूस फेकल्यावर येणारा आवाज हे वेगळंच सुख आहे.

पण आता ओल्ड डेट्रॉइट या गेममधल्या वस्तीत गाड्यांना दंडाच्या पावत्या लावायचं काम आलंय. चौकीत टेबलावर बसून लोकांच्या तक्रारीही ऐकायच्या. हे टाळलं तर चालेल का? मी गोळ्या झाडायला आलोय हो.

फिरता_पंखा

चालेल, पण अनुभवाचे गुण बुडतील आणि चिलखत वाढायला उशीर होईल. शिवाय तक्रारी ऐकाच. त्यातले काही नग असे आहेत की ईडी-२०९ बरा वाटेल. इथे मात्र मी पूर्णपणे कॅसेटताईंच्या पक्षात.

रात्रपाळी

मध्येच घुसतो. मला असल्या गेममध्ये चक्कर येते, तरी हा तासन्‌तास खेळू शकलो, बहुधा त्या संथपणामुळेच. कॅमेऱ्याची थरथर तेवढी सेटिंगमधून कमी करून घ्या.

जुलै २०२५ मध्ये आलेला रोग सिटीचाच पुढचा भाग 'अनफिनिश्ड बिझनेस' कुणी खेळलंय का? तो घ्यायला मूळ गेम लागतो का?

जुनी_कॅसेट

नाही लागत, स्वतंत्र आहे. सगळा खेळ ऑम्नीटॉवर या एकाच इमारतीत, मजल्यामागून मजला. मारामारी जास्त, शहरात भटकणं जवळजवळ नाहीच. शेवटच्या_गोळीला आवडेल. तुम्ही आधी मूळचा संपवा.