आधी ढेप, मग भरडा

भाऊ, उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला दिवसभर चरूनही गायी-गोऱ्हे खंगतात, म्हणून मक्याचा भरडा वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: आधी प्रथिनं द्या.

वाळलेल्या कुसळी गवतात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के असतात. कोठीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या, चारा पचवणाऱ्या जिवाणूंना साधारण 7 टक्के तरी लागतात. ती नसली की चारा पचायला वेळ लागतो, पोट रिकामं होत नाही आणि जनावर खातंच कमी. नुसता भरडा वाढवला तर काडीचं पचन आणखी मंदावतं.

शेण बघा. कडक, थरावर थर बसलेलं पडत असेल तर प्रथिनं कमी पडताहेत.

आपल्या कपाशीच्या मुलखात सरकी ढेप, म्हणजे सरकीचं तेल काढल्यावर उरलेली पेंड, सहज मिळते. तिच्यात 22-24 टक्के प्रथिनं असतात. मोठ्या जनावराला रोज किलोभर पुरे. रोज जमत नसेल तर दोन दिवसांची एकदम, दिवसाआड दिली तरी चालते. लहान वासरांना मात्र ती नको, सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना बाधतं.

प्रथिनांची उणीव भरायला युरियाही देतात, पण त्याचं तसं नाही. तो दिवसाआड एकदम द्यायचा नाही आणि पिण्याच्या पाण्यात कालवून तर कधीच नाही, जनावर दगावतं.