मदत हवी आहे: जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूला किती इजा झाली, हे रक्ततपासणीत कळतं का?

वेण्णा

नमस्कार मंडळी. इथे नवजात बाळांचे डॉक्टर, संशोधक किंवा अशा प्रसंगातून गेलेले आईबाप असतील तर कृपया वेळ काढून उत्तर द्या.

माझ्या भावाला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरलेले होते, वहिनीची तब्येत शेवटपर्यंत चांगली होती. कळा लांबल्या, बाळाचे ठोके उतरायला लागले, बाळाने पोटातच शी केल्याचं दिसलं आणि घाईने सिझर झालं. बाळ रडलंच नाही. पिशवीने श्वास द्यावा लागला. अपगार स्कोअर (जन्मताच बाळाची अवस्था सांगणारे दहापैकी गुण) पहिल्या मिनिटाला २, पाचव्या मिनिटाला ४, दहाव्या मिनिटाला ५ असा लिहिलाय. तालुक्याच्या गावी नाळेच्या रक्ताचा गॅस (रक्तातली आम्लता आणि वायू मोजणारी तपासणी) करायची सोय नव्हती. शहरातल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पोचेपर्यंत सहा तास उलटून गेले होते. तिथे रक्ताचा पहिला पीएच ७.०८ आला, म्हणजे रक्त बरंच आम्ल झालेलं. त्याच रात्री झटके आले, फेनोबार्बिटोन हे झटक्यांचं औषध सुरू झालं. कागदावर निदान आहे 'एचआयई स्टेज २', म्हणजे ऑक्सिजन आणि रक्त कमी पडून मेंदूला झालेली मध्यम इजा. आज बाळ आठ दिवसांचं आहे. झटके थांबलेत, नळीने दूध चालू होतं, कालपासून वाटी-चमच्याने थोडं थोडं घ्यायला लागली आहे. एमआरआय अजून व्हायचाय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, त्यामुळे घरात सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात. दादाने कुठेतरी वाचलं की अशा बाळांच्या रक्तातून मेंदूची इजा ओळखता येते. तेव्हापासून त्याचं एकच चाललंय, "तू रक्त काढ, कुठे पाठवायचं ते तू ठरव, पैशांचं मी बघतो."

मी वाचायला बसले तर मेंदूतल्या प्रथिनांची नावंच नावं. जीएफएपी, यूसीएच-एल१, एस१००बी, टाऊ, एनएफएल, एनएसई. यातली एनएसई आमच्या मोठ्या लॅबच्या यादीत आहे, पण ती फुफ्फुसाच्या वगैरे गाठींसाठी वापरतात आणि नॉर्मल रेंज मोठ्या माणसांची. शिवाय सँपल जरा जरी हिमोलाइज झालं, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तरी आम्ही ते परत पाठवतो. बाळाच्या टाचेतून पिळून काढलेलं रक्त किती हिमोलाइज होतं, ते मला रोज दिसतं.

माझं विचारणं असं आहे. आत्ता, आठव्या दिवशी, कुठली रक्ततपासणी केली तर बाळाचं पुढे काय होईल हे सांगता येईल का? एनएसई करून काही हाती लागेल का? आणि तिसरी गोष्ट दादाला आतून खातेय: बाळाला थंड करण्याचा उपचार मिळाला नाही, कारण वेळ निघून गेली होती. तो मिळाला असता तर चित्र वेगळं असतं का, हे रक्तातून कळू शकतं का?

धीराचे शब्द भरपूर मिळालेत आणि त्यांचं मोल आहेच. मला मात्र माहिती हवी आहे. ती वाईट असली तरी चालेल.

एनआयसीयूवाला

वेण्णाताई, मी पुण्यात नवजात शिशू विभागात काम करतो. बाळाला तपासलेलं नाही, तेव्हा तिथल्या डॉक्टरांचा शब्द माझ्या वर.

एनएसई करू नका. कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय. तांबड्या पेशींमध्ये एनएसई भरपूर असतं, पेशी फुटल्या की आकडा चढतो आणि तो मेंदूतून आला की टाचेतून हे कुणालाच सांगता येत नाही. नवजात बाळांमध्ये ही पातळी मुळातच मोठ्यांपेक्षा जास्त असते. रिपोर्टवर लाल अक्षरात 'हाय' छापून येईल आणि घरात रडारड होईल. त्या आकड्यावरून आम्ही एकही औषध बदलणार नाही.

बाकीच्या नावांमागचं विज्ञान खरं आहे. मेंदूच्या पेशी दुखावल्या की त्यांच्या आतली प्रथिनं रक्तात झिरपतात. यूसीएच-एल१ चेतापेशींमधून येतं, जीएफएपी त्यांना आधार देणाऱ्या तारकापेशींमधून, एनएफएल चेतातंतूंमधून. अडचण वेळेची आहे. यूसीएच-एल१ पहिल्या काही तासांत वर जाऊन उतरतं, एस१००बी तर फारच लवकर रक्तातून निघून जातं, जीएफएपी मागाहून चढतं, एनएफएल त्याहून उशिरा चढून बराच काळ टिकतं. त्यामुळे एकदा घेतलेल्या एका सँपलवरून फारसं काही ठरत नाही. प्रत्येक किटचे आकडे वेगळे, आणि नवजात बाळांसाठी सर्वमान्य अशी मर्यादा अजून ठरलेली नाही. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ यांच्या जोडतपासणीला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये परवानगी दिली, पण ती डोक्याला मार लागलेल्या प्रौढांमध्ये सीटी स्कॅनची गरज आहे का हे ठरवण्यासाठी. गुदमरलेल्या बाळाच्या भविष्याशी त्या परवानगीचा संबंध नाही.

आठव्या दिवशी विचाराल तर तुमचे पैसे आणि बाळाचं रक्त, दोन्ही वाचवा. त्याऐवजी एमआरआय याच आठवड्यात होईल असं बघा. डिफ्युजन (ताजी इजा लवकर दाखवणारी एमआरआयची चित्रं) यातले बदल पहिल्या आठवड्यानंतर पुसट होत जातात, तेव्हा ते नॉर्मल दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. टी१ आणि टी२ या एमआरआयच्या नेहमीच्या चित्रांत आता इजा दिसायला हवी. रिपोर्टमध्ये थॅलॅमस, बेसल गँग्लिया आणि पीएलआयसी (हालचालीचे संदेश नेणाऱ्या तंतूंचा पट्टा) या मेंदूच्या आतल्या तीन जागांबद्दल स्पष्ट लिहिलंय का ते पाहा. पूर्ण दिवसांच्या बाळात पीएलआयसीचा सिग्नल नॉर्मल असेल तर पुढे चालण्याबद्दल बरीच आशा धरता येते. सोय असेल तर त्याच वेळी स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआयच्याच यंत्रावर मेंदूतली द्रव्यं मोजणारी तपासणी) करून घ्या. 'मार्बल' नावाच्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, थॅलॅमसमधल्या एनएए या द्रव्याच्या पातळीवरून दोन वर्षांच्या आसपासची प्रगती फार चांगली वर्तवता आली होती. हे स्कॅन ४ ते १४ दिवसांच्या दरम्यान केलेले होते, म्हणजे तुम्ही अजून वेळेत आहात.

आणखी एक विचारतो. बाळाचा ढिलेपणा आणि सुस्ती नेमकी कधी कमी झाली? स्टेज १, २, ३ या पायऱ्या सार्नाट दांपत्याने १९७६ साली २१ बाळांच्या निरीक्षणावरून मांडल्या. स्टेज २ची लक्षणं पाच दिवसांच्या आत गेली ती बाळं पुढे नॉर्मल दिसली. सात दिवसांच्या पुढे राहिली तिथे अडचणी होत्या. इतका जुना आणि छोटा अभ्यास, तरी पलंगापाशी उभं राहून केलेल्या तपासणीला मी आजही कुठल्याही प्रथिनापेक्षा जास्त किंमत देतो.

लीड्सकर

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण दादांनी वाचलेली बातमी बहुधा याच कामाची असावी.

थंड करण्याचा उपचार म्हणजे जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून बाळाचं तापमान ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ठेवायचं. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत त्याने मृत्यू आणि अपंगत्व कमी झालं. मग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या सुधीन थय्यिल यांच्या गटाने भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात 'हेलिक्स' ही चाचणी केली. ४०८ बाळं होती, मुंबईचं सायन रुग्णालयही त्यात होतं. २०२१ मध्ये निकाल आला. मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व थंड केलेल्या गटात ५० टक्के, न केलेल्या गटात ४७ टक्के. नुसता मृत्यू पाहिला तर ४२ विरुद्ध ३१ टक्के. म्हणजे फायदा दिसला नाही आणि थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले.

असं का, याचं उत्तर शोधताना रक्त कामाला आलं. २०२४ मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये आलेल्या अभ्यासात पाओलो मोंताल्दो आणि सहकाऱ्यांनी जन्मानंतर सहा तासांत घेतलेल्या रक्तातली जनुकं तपासली. कुठली चालू आहेत, कुठली बंद. इटली-इंग्लंडच्या बाळांत एकाच मोठ्या, ताज्या धक्क्याचा ठसा दिसला. दक्षिण आशियातल्या बाळांत ऑक्सिजन पुन्हा पुन्हा कमी पडत राहिल्याचा ठसा होता, झोपेत श्वास अडकणाऱ्या प्रौढांच्या रक्तात दिसतो तशासारखा. गर्भात आणि कळांच्या काळात मेंदू बराच वेळ ताण सोसत असेल, तर जन्मानंतर थंड करून उपयोग होण्याची शक्यता कमी.

वेण्णाताई, हे दोन गटांच्या सरासरीचं चित्र आहे. तुमच्या भाचीची इजा यातली कुठली, हे सांगणारी तपासणी आज कुठल्याही लॅबमध्ये मिळत नाही. शिवाय ती सहा तासांच्या आतल्या रक्तावरची आहे. ही तपासणी उद्या खाटेजवळ करता आली तर कुठल्या बाळाला थंड करायचं ते ठरवता येईल, आणि म्हणूनच मला या कामाचं मोल फार वाटतं. पण दादांना एवढं नक्की सांगा की 'थंड केलं असतं तर मुलगी वाचली असती त्रासातून' हे गृहीतच आपल्या भागातल्या बाळांबाबत पक्कं नाही.

एनआयसीयूवाला

एक पुस्ती जोडतो. हेलिक्सनंतरही आपल्याकडे सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. चांगल्या सोयी आहेत तिथे काटेकोर नियम पाळून कूलिंग आजही करतात, मीही करतो. पण सहा तास उलटल्यावर आलेल्या बाळाला ते न देण्याचा निर्णय योग्यच होता.

अनुची आई

ताई, माझी अनुही स्टेज २. आता शाळेत जाते. डाव्या हाताची पकड थोडी कमी आहे, बोलणं उशिरा आलं, पण खणखणीत आलं. सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही, आमच्यासोबत काचेत ठेवलेल्या एका बाळाला अजून मान सावरत नाही.

रक्ताच्या तपासण्यांमागे मीही फिरले होते. उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टींचा. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळ उताणं झोपलेलं, जागं आणि शांत असताना हातापायांच्या हालचालींचा व्हिडिओ काढायला सांगतात. त्यातल्या बारीक, सतत चालणाऱ्या हालचाली पाहून जाणकार थेरपिस्ट बरंच काही सांगतात. त्याला पैसेही फारसे लागत नाहीत. घरी सोडायच्या आधी कानांची बेरा तपासणी (बाळाला ऐकू येतं का ते पाहणारी) मागून घ्या. दर भेटीला डोक्याचा घेर मोजून लिहायला लावा. सरकारी डीईआयसी केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं) जिल्हा पातळीवर असतं, तिथे फिजिओथेरपी मोफत मिळते, आणि निदान पक्कं होईपर्यंत थांबायची गरज नसते. वहिनीला बाळ छातीशी घेऊ द्या, डॉक्टर हो म्हणाले की लगेच.

वेण्णा

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. एनएसईचा विषय बंद केला. लीड्सकर, तुमचं उत्तर दादाला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला एमआरआयचं विचारून येतो. परवाची वेळ मिळाली आहे, स्पेक्ट्रोस्कोपीचीही सोय तिथे आहे.

डॉक्टर, नर्सच्या नोंदींप्रमाणे चौथ्या दिवशी बाळ जागं राहायला लागलं आणि पाचव्या दिवशी हातापायांत ताकद जाणवली. चोखणं मात्र अजून कमी आहे.

शेवटचा प्रश्न. स्कॅनसाठी भूल द्यावी लागेल का? वहिनी त्याच धास्तीत आहे.

एनआयसीयूवाला

चौथा-पाचवा दिवस ही चांगली खूण आहे, चोखण्यावर मात्र लक्ष ठेवा. नीट चोखायला लागेपर्यंत घरी नेण्याची घाई करू नका.

भूल बहुतेक लागत नाही. स्कॅनच्या थोडं आधी दूध द्यायचं, कानांत बोळे घालून घट्ट गुंडाळायचं, झोपली की आत न्यायचं. आधीचं दूध थोडं लांबवलं तर भूक लागलेली असते आणि पोट भरल्यावर गाढ झोप लागते. फक्त ही वेळ नर्सशी बोलून ठरवा, साखर खाली जाता कामा नये. अंगावर काळा दोरा, वाळे, सेफ्टीपिन, धातूचं बटण काहीही नको. रिपोर्ट आला की इथे लिहा.