ब्रॉयलरच्या (मांसासाठी पाळलेल्या कोंबडीच्या) पिल्लांना कणी-कोंडा घालावा का?

मालगुंडकर: मका इथेनॉलकडे वळल्यावर भाव चढले, सोयापेंडही स्वस्त नाही. ब्रॉयलरच्या खर्चात 65-70 टक्के खाद्यच. आणि आपल्याकडे कोकणात गिरणीत कणी-कोंडा, बंदरावर सुकी बारीक मासळी, घाण्यावर खोबऱ्याची पेंड. मग घाटावरून येणारी तयार खाद्याची गोणी का घ्यायची? माझं मत, पहिल्या दिवसापासून निम्मं खाद्य घरचं. (कराराने पाळणाऱ्यांना खाद्य कंपनीच देते, त्यांचा प्रश्न नाही.)

खाडीकाठ: निम्मं? पिल्लाला सुरुवातीला 22-23 टक्के प्रथिनं लागतात, कणीत 8च्या आसपास. खोबऱ्याच्या पेंडीत 20 धरा, पण लायसिन (वाढीला लागणारा प्रथिनांतला घटक) कमी आणि चोथा भरपूर. पहिले दोन आठवडे पिल्लाचं आतडं तयार होत असतं, त्याला चोथा पचत नाही. एफसीआर, म्हणजे एक किलो वजन वाढायला लागणारं खाद्य, 1.6चा 2 झाला की किलो वजनामागे 400 ग्रॅम खाद्य जादा. वाचलं काय?

मालगुंडकर: गावठी कोंबडी कोंड्यावरच वाढली की.

खाडीकाठ: हो, सहा महिन्यांत. ब्रॉयलर सहाव्या आठवड्यात दोन किलोच्या वर जातो.

देवरुखची ताई: कणीला कोंड्याच्या पंगतीला बसवू नका हो! कणीत चोथा कमी, ऊर्जा मक्याच्या जवळपास. खाद्यातला थोडा मका कमी करून त्याजागी मी पिल्लांनाही कणीच घालते. मक्याचा पिवळेपणा नसल्याने पाय फिके दिसतात, एवढंच. कोंड्यात मात्र तेल असतं, पावसात बघता बघता खवट होतो.

दर्यावर्दी: मासळीची प्रथिनं उत्तम, पण खारवलेली नको. सगळ्या खाद्यात मिळून मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत हवं. जास्त झालं की पिल्लं पाणी ढोसतात, खालचं तूस भिजतं, शेडमध्ये अमोनिया कोंडतो. वाळूवर वाळवलेल्या मासळीत वाळूही तोलून येते, ती आपण प्रथिनांच्या भावाने घेतो. आणि विक्रीच्या आधी मासळी बंद करा, नाहीतर मांसाला वास.

हापूसवाला: कॅनिंगवाल्यांकडे कोयींचे ढीग असतात. त्या दळून?

देवरुखची ताई: कोयीत टॅनिन, म्हणजे पचन बिघडवणारा तुरट घटक. भिजवून, उकळूनही पिल्लांना नकोच.

मालगुंडकर: बरं, पहिले दोन आठवडे गोणी आणि ताईंची कणी. तिसऱ्यापासून खोबऱ्याची पेंड घालणारच, 10 टक्के तरी.

खाडीकाठ: घाला, पण जुलैत आणलेली नको. दमट पेंडीला बुरशी लागते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, उकळूनही जात नाही. मेमध्ये कडक वाळवलेली हवाबंद पिंपात असेल तरच.