शब्दचर्चा: ‘महिला आणि ज्येष्ठ नागरिक’ यातलं ‘आणि’ नक्की कोणतं?

गोदाकाठ
मी संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. मुलं मराठी माध्यमाची, त्यामुळे उदाहरणं मराठीतच देते. परवा एसटीच्या तिकिटाचा प्रोग्रॅम करायला दिला. फळ्यावर लिहिलं, ‘महिला आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक यांना अर्धे तिकीट’. बऱ्याच वह्यांत उतरलं ते असं:

इफ लिंग == "स्त्री" अँड वय >= ६५:

म्हणजे सवलत फक्त आजीबाईंना, आजोबांनी आणि कॉलेजच्या पोरींनी पूर्ण पैसे भरायचे. मी म्हटलं, इथे ‘ऑर’ हवं. तर एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पण तुम्हीच आणि लिहिलंय.’ मग ‘महिला किंवा ज्येष्ठ नागरिक यांना’ असं करून पाहिलं. एका पालकांनी वही बघून विचारलं, ‘दोघांपैकी कोणाला द्यायचं ते अजून ठरायचंय का?’
तर प्रश्न दोन. हे वाक्य मराठीत कसं लिहावं? आणि ‘लॉजिकल ऑपरेटर’ला (म्हणजे अटी जोडणाऱ्या-उलटवणाऱ्या अँड, ऑर, नॉटला) मुलांच्या तोंडी बसेल असा शब्द आहे का?

सेमीकोलन
दुसऱ्याचं उत्तर: ऑपरेटर. पुढे चला.
पहिला प्रश्न रोचक आहे. तुमच्या वाक्यात दोन वाक्यं दडली आहेत: महिलांना अर्धे तिकीट, ज्येष्ठांना अर्धे तिकीट. ‘आणि’ने याद्या जोडल्यात, अटी नव्हे. कंडक्टरसमोर मात्र एका वेळी एकच प्रवासी असतो. त्यामुळे ‘यांना’ काढून टाका आणि लिहा, ‘प्रवासी महिला असेल किंवा तिचे/त्याचे वय ६५ पूर्ण असेल, तर’. तो ‘असेल’ दोनदा यायलाच हवा. नाहीतर पोरं पुढच्या आठवड्यात हे लिहून आणतील:

इफ गाव == "पुणे" ऑर "नाशिक":

मराठीत ‘गाव पुणे किंवा नाशिक असेल तर’ हे बिनचूक आहे. पायथनला मात्र ऑरच्या उजवीकडे नुसतं "नाशिक" दिसतं, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) म्हणजे त्याच्या लेखी खरं. मग गाव गडचिरोली असलं तरी अट पूर्ण! एररही येत नाही, म्हणून चूक सापडत नाही.

निखळ
ऑपरेटर का म्हणून? दिनांक, महापौर हे शब्द रुळलेच ना? मुलांना पहिल्या दिवसापासून ‘तर्ककारक’ सांगा, तोच बसेल तोंडात.

वरवंटा
निखळराव, कारक नको. विभक्तीचे कारकार्थ शिकताना आधीच मुलांची दमछाक होते, त्यात हा दुसरा कारक कुठे? आणि घरात शब्द असताना बाहेर कशाला शोधायचा? आणि, व, किंवा, अथवा ही सगळी उभयान्वयी अव्ययं. समुच्चयबोधक आणि विकल्पबोधक. पोरांनी हे पाठ केलेलं असतं.

सेमीकोलन
सर, आणि ‘नॉट’? तो दोघांना जोडत नाही, एकालाच उलटा करतो. त्याला काय एकान्वयी म्हणायचं? :)

वरवंटा
म्हणा की, काय बिघडलं?
पण गोदाकाठताईंच्या ‘आणि’बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ जुना आहे. पाणिनीचं सूत्र आहे, ‘चार्थे द्वन्द्वः’. त्यावर परंपरेने ‘च’चे चार अर्थ सांगितले: समुच्चय, अन्वाचय, इतरेतरयोग आणि समाहार. म्हणजे एकट्या ‘आणि’चे चार! त्यातला अन्वाचय फार गोड. नेहमीचं उदाहरण, ‘भिक्षामट गां चानय’. भिक्षेला जा आणि गाय आण. म्हणजे मुख्य काम भिक्षेचं. वाटेत गाय दिसली तर तीही आण. गाय नाही आली म्हणून बटूला कोणी रागावणार नाही. तुमच्या यंत्राच्या अँडमध्ये हे बसेल का?
शाळेतला द्वंद्व समासही घ्या. ‘आईवडील’चा विग्रह ‘आणि’ने, ‘खरेखोटे’चा ‘किंवा’ने. दोन शब्दांमध्ये चिन्ह काहीच नाही, तरी मूल बरोबर विग्रह करतं. मराठी माणूस अँड-ऑर अर्थावरून ठरवतो, शब्दावरून नाही. ताईंचा फळा चुकलेला नाही, वाचणारा अडाणी आहे. वाचणारा म्हणजे संगणक, मुलगी नव्हे.

सेमीकोलन
बटूवाला अँड आमच्याकडेही आहे की.

इफ भाजक != ० अँड बेरीज / भाजक > ५:

डावी बाजू खोटी निघाली की पायथन उजवीकडे बघतच नाही, म्हणून शून्याने भागण्याची एरर टळते. भिक्षा नाही तर गाय नाही.

वरवंटा
उलटं आहे हो. इथे डावी बाजू खोटी म्हणून सगळंच खोटं ठरलं. बटू गाईशिवाय आला तरी त्याचं काम झालेलं असतं.

कढीपत्ता
बाकी ते राहू द्या, ‘किंवा’ मराठीत दोन्हींना चालतो का, हा खरा प्रश्न. सत्तर वर्षांची बाई महिलाही आहे आणि ज्येष्ठही. पायथनचा ऑर म्हणतो, दोन्ही खरं असलं तरी खरंच. आमच्या घरात ‘लाडू किंवा चकली घे’ म्हटलं आणि दोन्ही उचललं तर धपाटा मिळायचा.

गोदाकाठ
अगदी! एका मुलाने दोन वेगळे इफ लिहिले आणि प्रत्येकात भाडं निम्मं केलं. सत्तरीच्या आजीला पाव तिकीट. आणि ७५ च्या वरच्यांना प्रवास मोफत, ती अट सगळ्यात आधी तपासायला हवी हे कोणालाच सुचलं नाही. ८० वर्षांच्या आजी ‘स्त्री’च्या इफमध्येच अडकून अर्धे पैसे देत बसल्या.

सेमीकोलन
कढीपत्ता, तुमच्या बाजूने साक्षात जॉर्ज बूल उभा आहे, तर्काचं बीजगणित मांडणारा गणितज्ञ. १८५४ च्या पुस्तकात त्याची बेरीज एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांचीच होती. दोन्ही चालणारा ‘किंवा’ जेव्हन्स या तर्कशास्त्रज्ञाने नंतर रुळवला. लॅटिनमध्ये दोन शब्द होते, दोन्ही चालणारा वेल आणि एकच निवडायला लावणारा औट. त्या वेलच्या ‘व्ही’वरून तर्कशास्त्रातलं किंवाचं चिन्ह आलं.

निखळ
लॅटिन कशाला, मराठीत भेद आहेच. ‘चहा की कॉफी?’ म्हटलं की एकच निवडायचं. ‘चहा किंवा कॉफी’ म्हटलं की मोकळीक. एकच हवं तिथे ‘की’ वापरा, काम संपलं.

कढीपत्ता
‘की’ प्रश्नात चालतो हो. ‘चहा की कॉफी घेतल्यास वीस रुपये’ असं बोर्डावर वाचलंय कधी? तिथे ‘एक तर हे, नाहीतर ते’ असंच म्हणावं लागतं. आणि नकार आला की तेही कोसळतं. ‘मोबाइल आणि बॅग आत नेण्यास मनाई’. संगणकाच्या हिशेबाने नुसता मोबाइल नेला तर चालेल, कारण दोन्ही कुठे नेतोय? वॉचमनला सांगून बघा.

सेमीकोलन
नॉट (अ अँड ब) म्हणजे नॉट अ ऑर नॉट ब. गणितज्ञ डी मॉर्गनचा नियम. हा गृहस्थ १८०६ साली मदुराईला जन्मला, म्हणजे जवळजवळ आपलाच. पण त्या पाटीत आपल्याला हवं असतं नॉट (अ ऑर ब). मराठीत त्याला झकास रचना आहे: ‘ना मोबाइल, ना बॅग’.
गोदाकाठ, नकार शिकवताना आणखी एक लक्षात असू द्या. आपलं ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं, पायथनचं नॉट आधी. आमच्याकडची नवी मुलं ते सुरुवातीला हमखास शेवटी टाकतात.

निखळ
तरी मी म्हणतो, निदान ‘व’ तरी वापरू नका. फारसी आहे तो.

वरवंटा
फारसी असेल, पण शेकडो वर्षं राबतोय आपल्या घरी. आता त्याला बाहेर काढणार? मग ‘वकील’लाही काढा.

मांडवीपल्याड
सरकारी फॉर्मवरच्या ‘आणि/किंवा’बद्दल कोणीच बोललं नाही. ती तिरकी रेघ म्हणजे समुच्चय, विकल्प की नुसता कारकुनाचा आळस?

ठेचाभाकर
निखळभाऊ, ते ‘की’चं पुण्यात ठेवा. आमच्या वऱ्हाडात ‘चहा घेता का कॉफी?’ म्हणतात. आता हा ‘का’ प्रश्नाचा का विकल्पाचा, सांगा.

निखळ
प्रश्नाचा. बोलीतला अपभ्रंश आहे तो.

ठेचाभाकर
अपभ्रंश म्हणता? बरं. मग ‘की’ कुठून आला ते सांगा आधी. फारसीतून आला असेल तर तुमच्याच नियमाने तोही काढावा लागंल.

वरवंटा
संस्कृत ‘किम्’वरून. ‘किंवा’ही त्यातलाच, किम् अधिक वा.

ठेचाभाकर
सर, मग ‘का’ही किम्-वरूनच की! अपभ्रंश कसा काय झाला?