मदत हवी आहे: मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीचा मागचा बोल्ट निघंना, घरी टाकी सुरक्षित कशी उतरवावी?

नमस्कार मंडळी. गाडी 100 सीसी, कार्बोरेटरवाली, 2009 चं मॉडेल. गाव औसा तालुक्यात. टाकीला आतून गंज धरलाय. कार्बोरेटर साफ केला, कॉकखालची (टाकीच्या पेट्रोल तोटीखालची) वाटी उघडली तर तळाला विटकरी गाळ बसलेला. धुऊन लावली, थोड्या दिवसांत पुन्हा तेच. म्हणून टाकीच उतरवून आतून धुवायची आहे.

सीट काढली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. कॉक बंद करून पाइप कार्बोरेटरवरून काढला आणि सगळं पेट्रोल झाकणाच्या लोखंडी कॅनमध्ये उतरवलं. अडलंय ते मागच्या बोल्टवर. डोकं गोल झालंय, रिंग पाना नुसता घसरतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, तरी हलंना.

ग्राइंडर, छन्नी-हातोडा किंवा तापवणं कृपया सुचवू नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असतेच, आणि ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. घरात गॅसची शेगडी आहे, लेकरं आहेत. म्हणून काम बाहेर लिंबाखाली, ऊन चढायच्या आत करायलोय. वेल्डिंगवाला जवळ नाही, साधे पाने आणि व्हाइस ग्रिप पक्कड आहे.

ठिणगी न उडवता हा बोल्ट कसा सोडवावा? आणि तो निघाल्यावर टाकी पुढच्या रबरातून सरळ मागं ओढायची, की आधी मागून उचलून पेट्रोलच्या काट्याची वायर सोडायची?