एक फूल टिचभर रोपावर, शेजारी वीतभर गादी: झाड एकच आहे का?

वाळूतली पावलं:
मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या पिंटो बेसिनमध्ये दोन दिवस फिरलो. कोरड्या ओढ्याकाठच्या खडीत एक रोप दिसलं. उंची जेमतेम दोन सेंटिमीटर आणि डोक्यावर एकच फूल: पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळं. फूल रोपापेक्षा मोठं! दहा पावलांवर, जमीन जरा खोलगट होती तिथे, हुबेहूब तशाच फुलांची जमिनीलगत पसरलेली गादी. वीतभर रुंद, तीसेक फुलं. पानं दोन्हींची अरुंद, त्यांवर पांढरे राठ केस. सोबतचा मित्र म्हणतो दोन जाती. मला पटत नाही. बी मिळालं तर कुंडीत लावून बघावं का?

रानवेडी:
तुमचंच बरोबर. हे मोनोप्टिलॉन बेलिऑइडिस, तिकडे ‘डेझर्टस्टार’ म्हणतात. सूर्यफुलाच्या कुळातलं, एका हंगामाचं. ओल कमी मिळाली की ते एका फुलावर भागवतं, भरपूर मिळाली की गादी होते. मला या झाडाचं हेच फार आवडतं: पाऊस कमी पडला म्हणून ते रुसत नाही, आहे त्यात फुलतं आणि बी धरतं.

बी मात्र चटकन फसत नाही. फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात जोशुआ ट्री भागातल्या मातीवर प्रयोग केले. वरून चांगला पाऊस पाडला की वाळवंटातल्या हंगामी झाडांचं बी रुजायचं. खालून माती भिजवली तर नाही. वरचं पाणी बियांचं रुजणं रोखणारी द्रव्यं धुऊन नेतं, असा त्यांचा अर्थ.

एक खात्री करा. एरिओफायलम लॅनोसम असंच पांढरं-पिवळं दिसतं, पण त्याच्या अंगावर कापसासारखी मऊ लव असते आणि पाकळ्या आठ-दहाच. फोटोत मोजाल का?

खडकाळ:
बी आणू नका. नॅशनल पार्कमधून फूल, बी काहीही उचलायला मनाई आहे. आणि बघायला वाकून भागत नाही, पोटावर आडवं व्हावं लागतं. तिथले लोक अशा फुलांना ‘बेली फ्लॉवर’ म्हणतात ते उगीच नाही. फक्त आडवं होण्याआधी खाली कोणी उगवलंय का ते बघा.

वाळूतली पावलं:
फोटो मोठा करून मोजल्या, सतरा पाकळ्या. कडेच्या दोन-तीन म्हाताऱ्या झालेल्या, त्यांवर जांभळट छटा आहे, तिथे असताना लक्षातच आली नव्हती. केस राठच आहेत, ब्रशसारखे. बियांचा विचार सोडला. मित्राला फोटो पाठवलाय.